हात पोचला तिथवर

कोंबडी तळून झाली होती, घेवडा शिजला होता, गार चहाच्या जगमध्ये बर्फ पडला होता, तरी टेबलावर अजून कोणी दगडाचं नाव काढलं नव्हतं. नेल्डा स्वयंपाकघरात बिस्किटांचं, म्हणजे जेवणातल्या छोट्या मऊ पावांचं, पीठ थापत होती आणि कान बाहेर लावून होती. ओलीटा आत्याच्या घरात भांडण आवाजाने सुरू होत नसे. आधी काटे-चमचे गप्प होत, मग एखादी खुर्ची करकरे, मग आत्या म्हणे, "असं का."

"असं का," बाहेर आत्या म्हणाली.

नेल्डाने पिठाचे हात एप्रनला पुसले. सकाळी चर्चच्या मागे, मुलीच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने सही केली होती. सही करताना हात कापला नाही, याचीच तिला तेव्हापासून धास्ती वाटत होती. नाताळात आत्याने सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, "त्या कागदावर जो सही करील, त्याने माझ्या मातीला येऊ नये." अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी असं बोलणारी बाई धमकी देत नसते, तयारी करत असते.

कागद तसा साधा होता. नेल्डाच्या पणजोबांनी १९११ साली ऑर्मंड कॉलेजला जमीन दिली ती एका अटीवर. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढायला गेलेल्या कॉलेजच्या बावीस पोरांच्या नावांचा दगड ग्रंथालयासमोर उभा राहील, तोवर जमीन कॉलेजची. दगड हलला की जमीन परत त्यांच्या टार्प्ली घराण्याची. आता कॉलेजला दगड हलवायचा होता, आणि त्यासाठी घराण्यात उरलेल्या तिघांनी त्या अटीवर पाणी सोडायला हवं होतं: आत्याने, नेल्डाने आणि नेल्डाच्या धाकट्या भावाने, रॉइसने. उद्या दुपारी विश्वस्तांची बैठक होती. त्याआधी सह्या झाल्या नाहीत तर कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे आणखी दहा वर्षं दगड जिथल्या तिथे. आत्या करील तेच रॉइस करणार, हे त्याने लपवलं नव्हतं. म्हणजे सगळं आत्याच्या एका सहीवर येऊन थांबलं होतं.

नेल्डा गरम बिस्किटं घेऊन बाहेर आली तेव्हा तिची मुलगी कोर्टनी हातातला अहवाल पुन्हा उघडत होती. ती त्याच कॉलेजात इतिहास शिकवायची.

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली. "माझे कान शाबूत आहेत, पण मला दोनदा ऐकायचंय."

"'समोरच्या बाजूची अक्षरं आम्लाने खाल्लेली आहेत. वरच्या चार ओळी स्पष्ट आहेत. त्याखालच्या अठरा ओळी बोटाला जेमतेम लागतात, डोळ्याला दिसत नाहीत.' अटलांटाहून दगड तपासणारी माणसं आली होती, आत्याआजी. शुक्रवारी."

"आम्ल!" रॉइसने टेबलावर हात आपटला. ताटातली मिरचीची वाटी उडाली. "मी काय म्हणत होतो? आम्ल कुठे मिळतं? रसायनाच्या प्रयोगशाळेत. आणि 'दगड हटवा' म्हणत महिनाभर त्याच्यासमोर सतरंजी टाकून बसलेला तो टेरेल काय शिकतो? रसायन!"

"टेरेलने दगडाला बोटही लावलं नाही, मामा. ऊन डोक्यावर आलं तरी त्याच्या सावलीत सरकून बसला नाही तो."

"तू वकील कधीपासून झालीस?"

"मास्तरीण आहे. पोरं ओळखते."

"घरची माणसं ओळखायला शिक आधी."

आत्याने चाकूने बिस्किटाचे दोन भाग केले आणि लोणी न लावता तसेच ठेवले. तिच्या ताटाशेजारी एक पाकीट होतं. शेरीफला, तिथल्या पोलीसप्रमुखाला, धाडायचं पत्र. रॉइसने शाईच्या पेनने लिहिलेलं, आत्याने थरथरत्या अक्षरात खाली नाव घातलेलं. त्यात त्या पोराचं नाव होतं, बापाचं होतं, खोलीचा नंबर होता.

"हे उद्या सकाळी जाईल," ती म्हणाली. "तुमच्या सहीचं मग बघू. ज्यांनी आमच्या पोरांची नावं जाळली, त्यांच्याच हाती मी दगड सोपवू? ते पोरगं आधी कॉलेजातून बाहेर जाईल."

"पुरावा?" कोर्टनी म्हणाली.

"पुरावा तूच वाचलास. दोनदा." आत्याने पाणी प्यायलं. "व्हर्सी असती तर कोणाची छाती झाली नसती. चाळीस एप्रिल तिने तो दगड घासला. असा पांढरा निघायचा, जसा कालच खाणीतून आला. हॅट घातलेल्या बायका यायच्या स्मृतिदिनाच्या शनिवारी, मी नावं वाचायचे, आणि सगळ्या मला विचारायच्या, ओलीटा, तुमची बाई लावते तरी काय? मी म्हणायचे, मनगट लावते." तिचा आवाज मऊ झाला. तो त्या घरात फक्त याच एका नावाला मऊ होत असे. "आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची. रात्र रात्र मला पोटाशी धरून बसली ती. माझ्यावर फुकट माया केलेलं या जगात एकच माणूस."

"आम्ही आहोत ना, आत्या," रॉइस म्हणाला.

"तुम्ही जेवायला आहात."

कोर्टनीला हसू आलं आणि तिने ते रुमालात धरलं. नेल्डाला हसू आलं नाही. बिस्किटांचं ताट तिच्या हातात तसंच होतं आणि त्याचा चटका आतवर जाऊन पोचला होता. आम्ल. वरच्या चार ओळी स्पष्ट. त्याखालच्या अठरा.

"लोणी राहिलं," ती म्हणाली आणि आत गेली. लोणी टेबलावरच होतं.

स्वयंपाकघरात खिडकीखाली संगमरवराची लाटायची फरशी होती. तिच्याच पणजीने आणवलेली, स्मारकाच्या दगडाच्याच खाणीतली, त्याच वर्षातली. शंभर वर्षं तिच्यावर पीठ थापलं गेलं, तरी ती अशी गुळगुळीत होती की वाकून बघावं तर आपला चेहरा धुक्यातल्यासारखा दिसावा. नेल्डाने तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले.

ती सहा वर्षांची असेल. चहासाठी चिरलेलं लिंबू तिने याच फरशीवर पालथं ठेवलं होतं, आणि व्हर्सीने आयुष्यात एकदाच तिच्या हातावर फटका मारला होता. मग लगेच तोच हात ओठांशी नेला. "लिंबू दगडाला खातं, बाळा. व्हिनेगरसुद्धा. संगमरवराला आंबट दाखवायचं नाही कधी. एकदा खाल्लं की देवालासुद्धा भरून आणता येत नाही."

आणि ती नऊ वर्षांची. एप्रिलमधल्या शेवटच्या शनिवारचा आदला दिवस. कॉलेजच्या हिरवळीवरून ती आपली लाल खेळण्यातली गाडी ओढत चालली होती, गाडीत व्हिनेगरच्या बाटल्या किणकिणत होत्या, आणि पुढे व्हर्सी, पाठीत थोडी वाकलेली, हातात चिंध्यांची बादली. बादलीत पाणी नसायचंच. बाटलीतलं सरळ चिंधीवर, चिंधी सरळ अक्षरावर. दगड हळूच फसफसायचा, जसा तव्यावर थेंब पडावा. व्हर्सी गुडघ्यावर बसून खालून सुरुवात करायची, मग उभी राहायची, मग टाचा उचलायची. आत्याने शिडी देऊ केली होती. व्हर्सी म्हणाली, "नको मिस ओलीटा, मला चक्कर येते." शिडीवर चढलेली काळी बाई कॉलेजात कोणाला दिसली असती, तर कोणीतरी थांबून विचारलं असतं. गुडघे टेकून घासणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही.

घासताना ती गुणगुणायची. हलक्या, लांबवलेल्या सुरात, जसं तिन्हीसांजेला अंगणातून पोरांना हाका माराव्यात. "आयझॅक, ये घरी. डाइसी, ये घरी. मोझेस, माझ्या राजा, ये घरी." एका नावावर एक चिंधी, एका चिंधीवर एक हाक. नेल्डा नुकतीच घडाघड वाचायला लागली होती. तिने चूक दाखवली. "व्हर्सी, इथे डाइसी नाहीये. इथे विल्यम ॲस्क्यू लिहिलंय."

"तू तुझं वाच, बाळा. मी माझं वाचते."

व्हर्सी गेल्यावर ती चिंधी आणि ती बाटली नेल्डाच्या हातात आली होती. बत्तीस वर्षं. दर एप्रिलला, व्हर्सीने शिकवलं तसंच, पाण्याशिवाय. अक्षरं पुसट होत गेली तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण शनिवारी आत्या दगडाकडे बघून नावं वाचते असं सगळ्यांना वाटे, आणि आत्याला ती पाठ होती.

वरच्या चारांत पहिलं नाव होतं कॅप्टन ॲम्ब्रोज टार्प्ली. व्हर्सीची आजी ज्याच्या शेतावर गुलाम म्हणून विकत आणली गेली होती, तो. तेवढ्या उंचीवर तिचा हात पोचला नाही.

"बर्फ कुठंय?" रॉइस दारात उभा होता. त्याने तिचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

त्याच्यामागून कोर्टनीही आली. आईला सही केल्याचा पश्चात्ताप होतोय असं वाटून ती घाईघाईने म्हणाली, "आई, आता मागे फिरू नकोस."

नेल्डाने दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं. लिंबाचं, व्हिनेगरचं, हाकांचं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चाळीस आणि बत्तीस वर्षांची गोष्ट, आणि तेवढीशी.

रॉइस खुर्चीवर बसला. "ते पत्र मी परत घ्यायला लावतो. काहीतरी सांगतो आत्याला. पण व्हर्सीचं नाव तोंडातून काढू नकोस. ती मरेल. खरंच मरेल ती."

"मामाचं बरोबर आहे," कोर्टनी म्हणाली, आणि ते शब्द आपल्याच तोंडून निघाले याचं तिलाच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "आई, हे उद्या बाहेर गेलं, की दगड राहील बाजूला. सगळ्या जॉर्जियात एकच बातमी होईल, काळ्या मोलकरणीने स्मारक नासवलं. व्हर्सीची नातवंडं या गावात राहतात. दुकानात, शाळेत लोक त्यांच्याकडे बोट दाखवतील."

"आणि टेरेलकडे दाखवलेलं चालेल?"

"त्याच्यासाठी मी वकील बघेन."

"ज्याने काही केलंच नाही त्याला वकील. आणि जिला माहीत आहे तिने बिस्किटं वाढायची." नेल्डाला हसू फुटलं, कोरडं. "इतकी वर्षं तुम्हा दोघांना एका बाजूला बसवायला धडपडले मी. आज बसलात."

"मग असं कर," रॉइस म्हणाला, "तू केलंस म्हणून सांग. तू एकटीने. ते खोटंही नाही. भोळेपणाने केलंस, आत्या चिडेल, चार दिवस बोलणार नाही, संपलं."

नेल्डाने विचार केला. तो सोपा होता, आणि म्हणूनच तिला तो क्षणभर खरा वाटला. मग तिने मान हलवली.

"मी केलं ते न कळता. तिने केलं ते कळून. चाळीस वर्षं, गुडघे टेकून, आपल्याच डोळ्यांदेखत. ते मी माझ्या नावावर कसं घेऊ? या घराने तिचं सगळं घेतलं, रॉइस. तेवढं एक तरी तिचं तिच्याकडे राहू दे."

दार उघडं होतं. कधी उघडलं ते कोणालाच कळलं नाही. आत्या काठीवर भार देऊन उभी होती.

बाहेर टेबलावर बर्फ वितळून जगमध्ये टक्क वाजलं.

"तिला माहीत नसणार," आत्या म्हणाली. "बिचारी. कोणी सांगितलं नसेल तिला."

"आत्या," नेल्डा म्हणाली, "या फरशीवर तिने कधी एक डाग पडू दिला?"

आत्या फरशीजवळ आली. रॉइसने धरायला हात पुढे केला, तो तिने काठीनेच बाजूला केला. चहाच्या ताटलीतलं अर्धं लिंबू तिने उचललं, फरशीच्या मधोमध पालथं ठेवलं, आणि त्यावर तळहात दाबून उभी राहिली. जशी ती चर्चमध्ये बायबलवर हात ठेवायची. डोळे मिटलेले नव्हते. खिडकीबाहेर कोणीतरी गवत कापत होतं, यंत्राचा आवाज येत होता, जात होता, पुन्हा येत होता. तीन वेळा तो आवाज अंगणाच्या टोकाला जाऊन परतला. तेवढा वेळ चौघं तशीच.

मग तिने लिंबू उचललं, एप्रन नव्हता म्हणून चर्चच्या निळ्या झग्याच्या बाहीने रस पुसला, आणि मान तिरपी करून उजेडात पाहिलं. फरशीवर एक गोल उमटला होता. पांढरा, निस्तेज, चंद्राला ग्रहण लागावं तसा. आत्याने त्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"व्हिनेगर मीच आणायचे," ती म्हणाली. "दरवर्षी. खोकंभर. दुकानदार विचारायचा, एवढी लोणची घालता का, मिस ओलीटा?" अंगठा फिरतच होता. "हसायची का ती मला?"

"नाही. मी तिला हसताना नाही पाहिलं."

"मग काय करायची?"

"हाका मारायची." आणि नेल्डाने ती हाक म्हणून दाखवली. तो सूर पन्नास वर्षांनी तिच्या घशातून जसाच्या तसा निघाला. "आयझॅक, ये घरी. डाइसी, ये घरी."

आत्या खुर्चीत बसली नाही, खुर्चीत पडली. समोरच्या भिंतीकडे ती अशी बघत राहिली, जणू आयझॅक आणि डाइसी तिथे उभे होते. मग म्हणाली, "पेन."

कोर्टनीने कागद फरशीवरच ठेवला, लिंबाच्या ओलीपासून दूर. आत्याने सही केली. मग झग्याच्या खिशात ठेवलेल्या पाकिटातलं पत्र काढून तिने ते पिळलेल्या लिंबाखाली दाबलं आणि रस त्यावर निथळू दिला. शाई पसरत गेली. टेरेलचं नाव आधी गेलं, मग बापाचं, मग आत्याचं स्वतःचं. रॉइसने न सांगता पेन घेतलं आणि खाली सही केली.

"आत्याआजी," कोर्टनी हळू म्हणाली, "आभार मी कसे..."

"तुझ्यासाठी नाही केली. तुझ्या कॉलेजसाठीही नाही. तो दगड माझा राहिलाच नव्हता. दुसऱ्याची वस्तू मी धरून ठेवत नाही." मग तिची नजर कागदाच्या तळाशी गेली, जिथे नेल्डाची सही आधीच होती, आजच्या तारखेची. "सकाळीच केलीस."

"हो, आत्या."

"चर्चमधून येताना."

"हो."

"दगड हवा होता, दगड न्यायचास. सही मागायचीस, भांडायचीस, कोर्टात उभं करायचंस मला. मी तयार होते." आत्याने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पाणी असतं तर बरं झालं असतं. "तू माझी व्हर्सी नेलीस, नेल्डा."

"तो पोरगा..."

"पोरगा सुटला. बरं झालं. आता तू जा. पुढच्या रविवारी येऊ नकोस."

नेल्डाने विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि मातीला?"

"ते नाताळातच सांगितलंय मी."

रॉइस खिडकीबाहेर बघत होता. कोर्टनी कागद छातीशी धरून बाहेर गाडीकडे गेली होती. गाडीचं दार वाजलं. नेल्डाने टेबलावरून आपलं घेवड्याचं भांडं आणलं. त्यात निम्मा घेवडा उरला होता. तिने तो आत्याच्या डब्यात काढला, भांडं विसळलं, पुसलं. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर तिचं नाव होतं, चर्चच्या जेवणावळीत हरवू नये म्हणून लावतात तसं. दर रविवारी ते भांडं याच फडताळात उपडं राहायचं. आज तिने ते काखेत धरलं.

मागच्या दाराची जाळी तिने ढकलली तेव्हा आतून हाक आली.

"नेल्डा."

ती थांबली. वळली नाही.

"डाइसी कोण होती?"

अंगणात कापलेल्या गवताचा वास दाटला होता.

"माहीत नाही, आत्या."

"विचारलं नाहीस?"

"नऊ वर्षांची होते."

"आणि नंतर?"

नेल्डाने जाळी धरून ठेवली. नंतर व्हर्सी अठरा वर्षं जगली होती. तिच्या हातचं खाऊन नेल्डा मोठी झाली होती, तिच्या मांडीवर कोर्टनीचं पहिलं दूध पचलं होतं, शेवटच्या आजारात तिचे पाय चेपायलाही नेल्डा गेली होती.

"नंतरही नाही."

आतून फरशीवर अंगठा घासल्याचा बारीक आवाज येत होता, गोल, गोल. मग आत्या बोलली, नेल्डाशी नव्हे, रॉइसशीही नव्हे.

"चाळीस वर्षं होती या घरात. आणि मी तिला विचारलं काय, तर जेवण झालं का गं तयार."